चारपट कागदावर, अडीचपट हातात

१२ मे २०२४, रविवार. अनगोळ, बेळगाव

मावसभावाची बोट काल रात्री वेंगुर्ल्याहून आली. आंबोली घाटातून पिकअपच्या मागं ट्रेलर, वर बोट, त्यावर ताडपत्री. शिनोळीच्या अलीकडं एक दोर सुटला होता, बाकी सगळं शाबूत. पावसाळ्यात तिकडं समुद्र बंद, त्यामुळं दिवाळीपर्यंत ती माझ्या शेडमध्ये राहणार.

बोट एंटरप्राइज जातीची. जॅक होल्टनं १९५६ साली काढलेलं डिझाइन, लांबी चार मीटरला थोडी वर, दोन्ही शिडं मिळून ११३ चौरस फूट. ही बोट प्लायवूडची आणि बरीच जुनी आहे. दादाची, म्हणजे या मावसभावाची, तक्रार एकच. वारा वाढला की मेनशीट ओढताना हात सोलवटतात. मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी (बूम) आत ओढून धरणारी दोरी. "दोन कप्प्या वाढवून दे, बास," एवढं सांगून तो सकाळच्या एसटीनं परत गेला.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स फिटर आहे. शिडाच्या बोटीत आयुष्यात बसलेलो नाही. कप्प्यांशी मात्र रोजचा संबंध. दोन कप्प्यांचं काम, दोन रविवारांत उरकेल असं धरलंय.

१९ मे, रविवार

आधी आहे ते मोजू म्हटलं. शेडच्या कैचीला वरची जोडकप्पी (एका चौकटीत दोन चाकं) टांगली, खालच्या जोडकप्पीला पाच किलोची चार लोखंडी वजनं बांधली आणि दोरीच्या मोकळ्या टोकाला लटकता डिजिटल काटा अडकवला. वजनं आणि काटा रविवार पेठेतल्या ओळखीच्या भुसार दुकानदाराकडून उसने आणलेत.

यांत्रिक फायदा, म्हणजे हाताचा जोर किती पट होतो ते, काढायचा तर हलणाऱ्या कप्पीला धरून असलेले दोरीचे पदर मोजायचे. इथं चार. वीस किलोला हाताशी पाच किलो लागायला हवेत.

काट्यावर ४.१ किलो.

पुन्हा बांधलं, ४.६. पुन्हा, ३.४. दोरी बदलली, काट्याचे सेल बदलले, वजनं घरच्या काट्यावर तपासली. दुपारचं जेवण चुकलं. पाचाच्या खाली आकडा येतोय म्हणजे या गंजक्या कप्प्या मला फुकटात काम करून देतायत, आणि वीस वर्षं मशिनांत हात घातल्यावर फुकट काही मिळत नसतं एवढं तर कळतं. संध्याकाळपर्यंत उलगडलं नाही. पूर्ण रविवार गेला.

२१ मे, मंगळवार

सापडलं. चूक काट्याची नव्हती, माझी होती. मी वजन उचलायचो, मग दोरी धरून स्थिर उभा राहायचो आणि मग काटा वाचायचो. स्थिर असताना कप्पीतलं घर्षण माझ्या बाजूनं उभं असतं, वजन खाली जाऊ देत नाही. त्यामुळं आकडा कुठंही थांबतो. आज दोरी सावकाश ओढत, वजन वर चढत असतानाच वाचलं: ८.५ किलो. मग सावकाश सोडत, वजन उतरत असताना: २.८ किलो. या दोन आकड्यांच्या मधलं काहीही स्थिर उभं राहिल्यावर दिसू शकतं. हे काम कुणी करणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं, माझ्यासारखा रविवार घालवू नये.

८.५ किलोत २० किलो उचललं जातंय म्हणजे हाताशी चारपट नाही, जेमतेम २.३५ पट.

याचा हिशेब मी आडतीसारखा लावला. प्रत्येक कप्पी म्हणजे एक आडत्या. दोरीतून एक रुपया ताण गेला तर तो वीस पैसे कापून ऐंशी पुढं देतो. दुसरा त्या ऐंशीतले कापून चौसष्ट देतो. तिसरा एक्कावन्न, चौथा एक्केचाळीस. ८०, ६४, ५१, ४१ यांची बेरीज दोन रुपये छत्तीस पैसे. काट्याशी अगदी जुळतंय. म्हणजे या जुन्या कप्प्यांची आडत वीस टक्के.

कप्प्या उघडल्या. ॲल्युमिनियमच्या चाकांना आतून पांढरी बुकटी आलीय, पिना खडबडीत, आणि एका चाकाच्या खाचेत आठ मिलीची दोरी बसतच नाही. खाच सहा मिलीची आहे, दोरी कडांवर घासत जाते.

२६ मे, रविवार

२० किलो हा आकडा कुठून आणला ते लिहायचं राहिलं. वाऱ्याचा दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. दादा म्हणतो ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात हात भरून येतात, म्हणजे सेकंदाला ७ मीटर. ४९ गुणिले ०.६ म्हणजे २९.४. मोठं शीड ७.४३ चौरस मीटर. गुणाकार २१८ न्यूटन, साधारण २२ किलो. शीड फुगलेलं असतं, सपाट फळी नव्हे, म्हणून २५ धरले. हा जोर डोलकाठीपासून अंदाजे १.१ मीटरवर लागतो असं मानलं आणि मेनशीट बूमच्या मधोमध, १.३५ मीटरवर आहे. २५ गुणिले १.१ भागिले १.३५, वीसच्या आसपास. शीड बूमला वरच्या बाजूलाही ओढतं, ते यात धरलेलं नाही. त्यामुळं २० हा कमीत कमीचा आकडा.

यातून एक गोष्ट फुकटात कळली. मेनशीट बूमच्या टोकाला, २.७० मीटरवर नेली तर ताण थेट निम्मा होतो. एकही कप्पी न वाढवता. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला तशीच होती पूर्वी, पण बोट वळवताना दोरी गळ्यात यायची आणि सुकाणूच्या दांड्यात अडकायची. मधोमधच पाहिजे.

२ जून, रविवार

दादानं सांगितलं होतं तसं करून पाहिलं, दोन कप्प्या वाढवल्या. पुढच्या छोट्या शिडाच्या जुन्या दोन कप्प्या काढून सहा पदर केले.

उचलताना ६.८ किलो. दोन कप्प्या वाढवून पावणेदोन किलो वाचले. आडतीचा हिशेबही तेच सांगतो: पाचवी कप्पी तेहतीस पैसे देते, सहावी सव्वीस.

आता याची किंमत बघा. बूम दीड मीटर आत घ्यायची तर चार पदरांत ६ मीटर दोरी ओढावी लागते, सहा पदरांत ९ मीटर. पायात दोरीचा ढीग. पण खरा घोटाळा सोडताना आहे. वारा कमी असला की मेनशीट सैल सोडून बूम आपोआप बाहेर जायला पाहिजे. ओली दोरी जमिनीवरून सरकताना काटा ३०० ग्रॅम दाखवत होता. चार पदरांतून ते तीनशे ग्रॅम ओढून न्यायला बूमला दोन किलोच्या वर जोर लागतो, सहा पदरांतून चार किलोच्या वर. मंद वाऱ्यात शिडात तेवढा जोरच नसतो. बूम जागेवर उभी राहणार आणि दादा पायानं ढकलत बसणार.

सहा पदर रद्द. चारच ठेवायचे आणि आडत कमी करायची. कागदावर मांडलं: आडत पाच टक्क्यांवर आली तर चार पदरांतून साडेतीन पट मिळते. वीस टक्के आडतीचे सहा पदर तीन पटसुद्धा देत नाहीत.

९ जून, रविवार

बॉलबेअरिंगच्या तयार कप्प्यांची चौकशी केली. एकेक नग अडीच-तीन हजार, तोही मागवून. दादाची अख्खी बोट त्याला किती रुपयांत पडली ते मला ठाऊक आहे. घरी करायचं ठरवलं.

तिसऱ्या गेटच्या पलीकडं माझे एक ओळखीचे टर्नर मामा आहेत. लेथवरचा त्यांचा हात बघत राहावा असा. त्यांना म्हटलं मेनशीटच्या कप्प्या करायच्यात. मामा म्हणाले, "किती गेजची शीट?" आमच्याकडं शीट म्हणजे पत्रा. दोरीला शीट म्हणतात हे सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की पुढं मी दोरीच म्हणत राहिलो.

ठरलं ते असं: नायलॉनच्या गोल सळईतून चाकं, बाहेरून ४० मिली, जाडी १२ मिली, खाच आठच्या दोरीला सैल बसेल अशी. चाकाच्या दोन्ही बाजूंचे गाल ३०४ स्टेनलेसच्या दोन मिली पट्टीचे. मध्ये स्टेनलेसची नळी, तिच्यावर चाक फिरणार, नळीतून बोल्ट. बोल्ट कितीही आवळला तरी गाल नळीवर टेकतात, चाकावर नाही. नळीची लांबी मी दिली १२.०८.

मामांनी विचारलं, "एवढी फिट कशाला रे? पाण्यात जायलाय न्हवं हे?"

मी म्हटलं, मामा, फिटिंग माझ्यावर सोडा.

१६ जून, रविवार

चाकं हातात आली. गालात बसवून बोटानं फिरवलं की फिरतच राहतात, आवाज नाही, डगमग नाही. वीस किलो लावले, सावकाश ओढलं: ६.२ किलो. ८.५ वरून ६.२. आडत वीसवरून साडेआठवर.

खर्च: नायलॉन सळई एक फूट १८०, सहा चाकांचं टर्निंग ३६०, पट्टी, नळ्या आणि बोल्ट ६४०. एकूण ११८०.

दादाला व्हिडिओ पाठवला. कप्प्या बोटीत बसवल्या, बूम खाली ठेवली, ताडपत्री ओढली. काम संपलं असं वहीत लिहिलंसुद्धा. ती ओळ तशीच ठेवलीय.

४ ऑगस्ट, रविवार

सात आठवडे बोटीकडं फिरकलो नाही. जुलैभर पाऊस थांबायला तयार नव्हता, शेडचा पत्रा दोन ठिकाणी गळतोय आणि ताडपत्रीचा खळगा नेमका बोटीत रिकामा होत होता. आत वीतभर पाणी. मेनशीटच्या दोन्ही जोडकप्प्या त्यात बुडून पडलेल्या.

दोरी ओढली तर चाक फिरत नाही. दोरीच चाकावरून घसरत येते. चारांपैकी तीन चाकं घट्ट, चौथं जोर लावला तर फिरतं. वीस किलोला साडेनऊ किलो. जुन्या गंजक्या कप्प्यांपेक्षा वाईट.

मला वाटलं नायलॉन फुगून भोक आवळलं. लगेच रीमर घेतला, दोन चाकांची भोकं वाढवली, परत बसवली. तरी घट्ट. आणखी वाढवली. आता चाक नळीवर लुडबुडतंय आणि तरीही घट्ट. दोन चाकं वाया गेली, शिवाय घरी आलेल्या पाहुण्यांना न भेटता शेडमध्ये बसलो म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

१० ऑगस्ट, शनिवार

कंपनीतून मायक्रोमीटर आणला. जूनमध्ये १२.०० असलेली चाकाची जाडी आज १२.११ ते १२.१३. माझी नळी १२.०८.

गाल उघडून उजेडात तिरके धरले. स्टेनलेसवर चाकाच्या कडेनं घासून आरशासारखी एक गोल रिंग उठलीय, नखाएवढी रुंद. सगळं तिथंच लिहिलेलं होतं. भोकाकडं धावण्याआधी गाल उलटून बघायला पाच सेकंद लागले असते.

नायलॉन पाणी पितं हे मला ठाऊक होतं. कंपनीत नायलॉनचे बुश लोखंडी घरात दाबून बसवतो तेव्हा भोक आवळतं, कारण बाहेर फुगायला जागाच नसते. तोच अनुभव डोक्यात बसला होता. पण हे चाक मोकळं आहे. मोकळी वस्तू फुगली की तिचं भोकही मोठं होतं, अडचण येते ती जाडीत. दोन गालांच्या मध्ये मी ठेवलेली जागा होती आठ शतांश मिलिमीटर. मामांनी विचारलं होतं. मी ऐकलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

मामांकडं तोंड पाडून गेलो. ते काही बोलले नाहीत, कपाटातून पांढरी सळई काढून समोर ठेवली. "डेलरिन घे. नायलॉनवानी पाणी पीत नाही ते. आणि जागा सोड की जरा."

डेलरिन म्हणजे ॲसिटल. पाणी घेतं, पण नायलॉनच्या मानानं फारच थोडं. सळई फुटाला ३४०, नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट. एका फुटात चौदा-पंधरा चाकं सहज निघतात, म्हणजे चाकामागं फरक दहा-बारा रुपयांचा. एवढ्यासाठी मी जूनमध्ये नायलॉन घेतलं होतं.

नळी आता १२.३०, चाक १२.००. हलवलं की खुळखुळतं. फिटर म्हणून डोळ्याला बघवत नाही, पण काटा ६.० दाखवतो. तशीच चाकं बादलीत बुडवून ठेवलीत.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम बंद होतं. आमच्या गल्लीच्या मंडळानं मंडपाची कमान चढवायला माझ्या जुन्या कप्प्या नेल्या, त्या विसर्जनानंतर परत आल्या.

बादलीतली चाकं पाच आठवड्यांनी काढली. जाडी १२.०२. वीस किलोला ६.० च. ओल्या दोरीचे तीनशे ग्रॅम ओढायला बूमला आता दीड किलो पुरतो. हे दादाला जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं, ओढण्यापेक्षाही.

बेअरिंगचाही मोह झालाच. ६०८ नंबरचं बेअरिंग, भोक ८, बाहेरून २२, जाडी ७, चाकात सुरेख बसतं. चार नग १६०. ५.६ किलो! मग खडेमीठ घातलेल्या पाण्यात आठ दिवस ठेवलं. रबरी सील असूनही कडेनं तांबडं पाणी झिरपलं, फिरवलं की वाळू दळल्यासारखा आवाज. चारशे ग्रॅमसाठी दर वर्षी बेअरिंग बदलायची नाहीत. डेलरिन आणि स्टेनलेसची नळी हेच कायम.

आणखी एक प्रयोग. तीच जोडी उलटी टांगली, वरची कप्पी खाली. आता हातातला पदरही हलणाऱ्या कप्पीतूनच निघतो, म्हणून चाराचे पाच पदर होतात. तेवढ्याच चाकांत ४.६ किलो. मी खूश. दादाला सांगितलं तर म्हणाला, दोरी बूमवरून डोक्याच्या उंचीवर हातात येणार, पाय रोवून ओढायचं कसं? आणि तिरकं ओढलं की पाचवा पदर अर्धाच मोजायचा, साठ अंशांत ओढलं तर नेमका अर्धा. तो नाद सोडला. ज्याला सरळ रेषेत ओढता येतं त्यानं मात्र हे आधी करून बघावं, खर्च शून्य आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

आता किकर. बूमला वर उचलू न देणारी ही तिरकी दोरी डोलकाठीच्या बुडाशी बांधलेली असते. बूमवर ती डोलकाठीपासून ६० सेंटिमीटरवर धरते. त्यामुळं बूमच्या टोकाला १५ किलो खाली दाबायचे तर ६० सेंटिमीटरवर साडेसदुसष्ट लागतात, आणि दोरी ४५ अंशांत तिरकी असल्यानं दोरीत ९५. इथं चारपट पुरत नाही, आठपट पाहिजे.

आठ पदरांची एकच माळ केली तर आठ आडत्ये. त्यापेक्षा दुपटीवर दुप्पट, त्यावर आणखी दुप्पट. पहिली दोरी बुडाला बांधून बूमच्या कप्पीतून खाली येते आणि तिच्या टोकाला दुसरी कप्पी लोंबते. दुसरी दोरी बुडापासून त्या कप्पीतून परत खाली, तिच्या टोकाला तिसरी. तिसरी दोरी हातात. तीन चाकांत आठपट. चाळीस किलो लावून मोजलं, ५.६ किलो लागले, म्हणजे हाताशी सात पट. पुढं दोरी माणसापर्यंत वळवून न्यायला बुडाशी चौथी कप्पी लागली. ती फक्त दिशा बदलते, तरी आपली आडत घेतेच: ६.१.

बोटीत बसवलं. ओढलं. बूम सहा सेंटिमीटर खाली आली आणि ठप्प. जोर लावला तर डोलकाठी करकरली.

तिसरी कप्पी बुडाच्या कडीवर जाऊन आदळली होती. बूम एक सेंटिमीटर खाली येते तेव्हा दुसरी कप्पी दोन सरकते, तिसरी चार आणि हात आठ. तिसऱ्या कप्पीखाली मी जागा सोडली होती २४ सेंटिमीटर. चोवीस भागिले चार, सहा. कागदावर पदर मोजले, जागा मोजलीच नाही. दुसरी दोरी सोडून आखूड बांधली, तिसरी कप्पी ४४ सेंटिमीटरवर आणली. आता अकरा सेंटिमीटर येते, दादाला दहा हवे होते.

त्याच ओढाओढीत बूमकडचा हार्डवेअरच्या दुकानातला एस हूक सरळ झाला. उघडलेला हूक माझ्या कानाजवळून गेला. त्या जागी स्टेनलेसचे डी शॅकल लावले, तीन नग २७०. शंभर किलोच्या जागी एस हूक वापरणाऱ्याला आमच्या कंपनीत मीच ओरडतो.

दिशा बदलणाऱ्या कप्पीबद्दल एक ओळ: दोरी काटकोनात वळली तर कप्पीवर ताणाच्या १.४ पट ओढ येते, पूर्ण उलटी वळली तर दुप्पट. दादानं ती स्क्रूवर बसवली होती. मी आरपार बोल्ट टाकून खाली पट्टी दिली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन आणि काळा दिवस (आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा दिवस) एकाच दिवशी. सकाळी निषेध फेरीला गेलो, दुपारनंतर घरीच. बोटीचं काही केलं नाही.

नायलॉनची बाद चाकं सापडत नव्हती, ती पोराच्या किल्ल्यावर मिळाली. दोन तोफांची चाकं झालीत. रीमरनं भोकं मोठी केलेलीच त्यानं उचलली, म्हणे यात काडी नीट बसते.

१७ नोव्हेंबर, रविवार. वेंगुर्ले

काल बोट खाली नेली. आज दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाल्यावर आत गेलो. मी पहिल्यांदाच. पहिली पंधरा मिनिटं मी फक्त बोटीची कड धरून बसलो होतो, त्यामुळं त्या वेळेची नोंद नाही.

दादानं मेनशीट ओढली, सोडली, परत ओढली. "मेल्या, हलका झाला मा रे!" मग एका हातात सुकाणू, एका हातात दोरी, तशीच एक लांब फेरी. वारा पडल्यावर दोरी मोकळी सोडली, बूम स्वतःहून बाहेर गेली. ते मी दोनदा करायला लावलं.

जे जमलं नाही ते: किकरची दोरी अडकवायचं दातेरी क्लीट घसरतंय. पाच मिलीची दोरी त्याला बारीक पडते. शिवाय दोरी ताणली की लांबते, पहिल्या ओढीतला बराच भाग त्यातच जातो. पहिल्या टप्प्याला, जिथं सगळ्यात जास्त ताण आहे, तिथं न ताणणारी दोरी किंवा स्टेनलेसची बारीक वायर घालावी लागेल. जानेवारीत बघू.

आतापर्यंतचा खर्च: नायलॉनची फेरी ११८०, डेलरिन सळई आणि आठ चाकं ८२०, किकरचे गाल, नळ्या, बोल्ट ३००, बाद बेअरिंग १६०, शॅकल २७०, आठ मिलीची पॉलिएस्टर दोरी १४ मीटर ६३०, किकरच्या दोऱ्या २२०. एकूण ३५८०. दोन रविवार धरले होते, सहा महिने गेले.

प्रत्यक्ष वाऱ्यात किती ताण येतो ते मोजावं म्हणून काटा बरोबर नेला होता. मेनशीटला गाठ मारून त्यात हूक अडकवला आणि दादाला काट्यानं ओढायला लावलं. लाट आली की आकडा तीनवर, वाऱ्याचा झोत आला की अकरावर, वाचेपर्यंत बदललेला. मी नीट बघायला पुढं वाकलो, बोट कलली, दोरी सैल पडली आणि हूक गाठीतून सुटला. काटा दोन सेकंद पाण्यावर दिसला.

तो रविवार पेठेतल्या दुकानदाराचा होता. नवीन ६५० ला मिळतो. वरच्या बेरजेत धरावा.